खालच्या खोलीचा ठोका

ऑफिसात तिला सगळे रेघवाली म्हणत. हृदयाच्या ठोक्यांची जी रेघ स्क्रीनवर डावीकडून उजवीकडे सरकत जाते, ती काढणारा प्रोग्रॅम तिने लिहिला होता. रेघच ती, त्यात काय मोठंसं, असं कोणी म्हटलं की तिचं डोकं फिरायचं. रेघ काढणं सोपं, पण चालती रेघ काढणं म्हणजे नाकी नऊ. ती अडखळता कामा नये, थरथरता कामा नये, आणि बघणाऱ्याला वाटलं पाहिजे की आपण यंत्र बघत नाही, माणूस बघतोय. हे सगळं तिने जमवलं होतं. साहेब नवीन पाहुण्यांना ऑफिस दाखवायला आणत तेव्हा आधी तिच्या टेबलापाशी आणत, आणि ती कामात गढून गेल्याचं नाटक करत मनातल्या मनात फुगून बसे.

धंदा असा होता. छातीला बांधायचा एक पट्टा होता. तो दिवसभर ठोके टिपायचा आणि फोनमार्फत कंपनीच्या सर्व्हरकडे पाठवायचा. तिथून ते एका वेबपानावर उमटायचे. डॉक्टर आपल्या दवाखान्यातून ते पान बघत, घरचे घरून बघत. ठोका चुकला, लांबला, धावत सुटला, तर डॉक्टरांच्या फोनवर गजर व्हायचा.

असं पान कोणी एकसलग लिहीत नाही. त्याचे तुकडे करतात आणि प्रत्येक तुकड्याला एकेक काम लावून देतात. त्याला मॉड्यूल म्हणायचं, पण या ऑफिसात ते नाव फक्त कागदावर असे. बोलताना सगळा घरगुती मामला. सर्व्हरकडून आलेले आकडे जो तुकडा पहिल्यांदा हातात घेतो, ती आई. आईच्या पदरात दोन लेकरं: रेघ काढणारी ताई आणि गजर करणारा धाकटा. आईने दोघांना आकडे द्यायचे. लेकरांनी ते नुसते वाचायचे, त्यात ढवळाढवळ करायची नाही. काही सांगायचं असेल तर आईला हाक मारायची, बहीणभावांनी आपसात परस्पर देणंघेणं करायचं नाही. एवढं पाळलं की घर सुखाने चालतं, असं साहेब प्रत्येक मीटिंगमध्ये सांगत. त्यांच्या स्वतःच्या घरी काय चालतं हे विचारायची कोणाची टाप नव्हती.

ताई अर्थातच तिची. धाकटा तिच्या शेजारी बसणाऱ्या एका शांत, पोक काढून बसणाऱ्या माणसाचा. त्याला गजरवाला म्हणत. आई मात्र दोघांनी मिळून लिहिली होती, एका दुपारी, हसतखिदळत, आणि दोघांचंही मत होतं की आई झकास झाली आहे.

घरी तिचे सासरे होते. आयुष्यभर त्यांनी लोकांना मोटार चालवायला शिकवलं होतं, त्यामुळे गल्लीपासून बाजारापर्यंत सगळे त्यांना मास्तर म्हणत. सासूबाई गेल्यापासून मास्तर मुलाकडे राहायला आले होते. घरून काम करायच्या दिवशी सून जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून गजरवाल्याशी फोनवर बोले, तेव्हा मास्तर पेपर तोंडापुढे धरून सगळं ऐकत. आठवडाभरात त्यांना त्या घराची गोडी लागली.

"काय म्हणतेय तुझी ताई?" ते विचारत. "आईचं ऐकते का?"

"ऐकते हो बाबा. धाकटाच जरा हळू आहे."

"धाकटे असेच. आमचा तो बघ," असं म्हणून ते आपल्या मुलाच्या, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या, खोलीकडे हनुवटी उडवत. तो एकुलता एक होता, पण मास्तरांना त्याचं काही नव्हतं.

मास्तरांना मधूनच काहीतरी व्हायचं. उभ्या उभ्या ते एकदम गप्प होत, डोळे कुठेतरी लांब जात, आणि क्षणभराने पुन्हा जागेवर येत. एकदा आंघोळीला जाताना भिंतीचा आधार घेऊन खाली बसले. एकदा दुकानात हातातली पिशवी सुटली.

"आतलं इंजिन चालू असतं," ते सांगत, "पण कोणीतरी क्लच दाबून धरल्यासारखं होतं. चाकांना काही पोचतच नाही."

दवाखान्यात साधी तपासणी केली की सगळं ठाकठीक निघायचं. ते भुरटं दुखणं डॉक्टरांसमोर कधी तोंड दाखवायचंच नाही. नवऱ्याचं मत पक्कं झालं होतं. "आई गेल्यापासून त्यांना करमत नाही. मन खातं त्यांना. हृदयाला काहीही झालेलं नाही." तो हे प्रेमानेच म्हणायचा, पण मास्तरांच्या देखत म्हणायचा, आणि मास्तर मग पेपर आणखी वर धरत. आपल्या घरात आपल्यावर कोणाचा विश्वास नाही, ही गोष्ट माणसाला फार लागते.

म्हणून सुनेनेच ऑफिसातून एक पट्टा आणला. हृदयाच्या डॉक्टर ओळखीच्या होत्या, कंपनीच्या पट्ट्याची चाचणी त्यांच्याच दवाखान्यात चालू होती. त्यांनी सांगितलं की थोडे दिवस बांधू द्या, मग सोमवारी रेकॉर्ड घेऊन बसू. काही निघालं तर उपाय करू. नाही निघालं तर पट्टा परत करा, आणि मग मनाच्या डॉक्टरांकडे जायचं बघा. मास्तरांनी निमूटपणे पट्टा बांधला. सोमवारवर त्यांचं सगळं अवलंबून होतं हे तिला कळत होतं. काही नाही निघालं तर ते पुन्हा कधीही, कितीही घेरी आली तरी, तोंडातून शब्द काढणार नव्हते. ते तसेच होते. आणि मग एखाद्या दिवशी क्लच दाबला तो दाबलेलाच राहिला असता.

पट्टा बांधून झाला आणि रेघ सुरू झाली. किती सुरेख रेघ! टेकडी, दरी, टेकडी, दरी, एकसारखी, जणू कोणी ओळीने कात्रीने कापून काढली आहे. दिवसामागून दिवस गेले. धाकट्याने एकदाही गजर केला नाही. याच दिवसांत मास्तर दोनदा घेरी आली म्हणाले. नवऱ्याने पान उघडून ती वेळ काढली आणि स्क्रीन त्यांच्यासमोर धरली. टेकडी, दरी, टेकडी, दरी.

"बघा बाबा. तुमच्या सुनेचंच यंत्र आहे, माझं नाही."

मास्तरांनी बराच वेळ बघितलं. "सुंदर काढलीयस गं," ते तिला म्हणाले, आणि उठून आपल्या खोलीत गेले. तिला त्या कौतुकाने मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण का ते तिलाही कळेना. रेघ तर समोर होती.

मग आदल्या दिवशीची, रविवारची दुपार आली. जेवणं झाली होती. नवरा बाहेर गेला होता. टेबल पुसून तिने लॅपटॉप उघडला होता, आणि सोमवारच्या तयारीसाठी मास्तरांचंच पान लावलं होतं. रेघ चालली होती. समोर मास्तर बसून एका शिकाऊ बाईची गोष्ट सांगत होते, तिने म्हणे उजवा दिवा लावून गाडी डावीकडे वळवली आणि थेट पोलीस चौकीच्या दारात नेऊन उभी केली.

"मी म्हटलं, बाई, आता उतरा आणि स्वतःच..."

आणि ते थांबले. पेला हातात तसाच, तोंड अर्धं उघडं. डोळ्यांतला माणूस निघून गेला. पेला कलंडला, पाणी टेबलावरून लॅपटॉपकडे धावलं. तिने लॅपटॉपकडे न बघता मास्तरांचा हात धरला आणि मनगटावर बोटं दाबली.

काही नाही.

तिने बोटं हलवली, आणखी दाबली. काही नाही. तिचं स्वतःचं काळीज कानात वाजत होतं, पण बोटाखाली शांत, अगदी शांत. मग तिची नजर स्क्रीनवर गेली. टेकडी, दरी, टेकडी, दरी. बोटाखाली हृदय थांबलं होतं आणि समोर ते चाललं होतं.

स्क्रीन थोडी मागे असते हे तिला ठाऊक होतं. पट्ट्यापासून पानापर्यंत यायला आकड्यांना काही क्षण लागतात. म्हणून ती वाट पाहू लागली, की आता ती फट इथे येईल. आता येईल. मास्तरांची मान एका बाजूला कलली होती, तिने दुसऱ्या हाताने डोकं धरलं होतं, आणि डोळे त्या रेघेवर. फट आली नाही. टेकडीमागून टेकडी येतच राहिली.

आणि बोटाखाली एक धक्का बसला. जड, एकटा. मग पुन्हा शांतता, आणि पुन्हा एक. फार सावकाश, जणू कोणी म्हातारा माणूस जिना चढतोय. मग हळूहळू पावलं जवळ आली. मास्तरांच्या गालांवर रंग आला. त्यांनी पेल्याकडे बघितलं, सांडलेल्या पाण्याकडे बघितलं, आणि तिच्याकडे.

"मी कुठवर आलो होतो?" ते म्हणाले.

"चौकीपर्यंत," ती म्हणाली, आणि हमसून रडू लागली.

त्यांना आडवं करून, दाराशी शेजारच्या काकूंना बसवून, तिने हृदयाच्या डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टरांनी एकच विचारलं, "तुम्ही स्वतः नाडी धरली होती?" ती हो म्हणाली. "मग पानावर काय दिसतंय ते राहू दे. गाडी पाठवते. ती येईपर्यंत त्यांना उठू देऊ नका."

गाडी येईपर्यंतचा वेळ मोकळा होता, आणि रिकामं बसणं तिला शक्यच नव्हतं. मास्तरांच्या उशाशी बसून, ओला लॅपटॉप मांडीवर घेऊन, तिने सर्व्हरवरचे कच्चे आकडे काढले. पट्ट्याने जसे पाठवले तसे, कोणाचा हात न लागलेले. आणि तिथे ती फट होती. ढळढळीत. टेकड्या चालत येतात, आणि मग सपाट माळ, मधे एखाददुसरा वेडावाकडा उंचवटा. पट्ट्याने इमानेइतबारे सगळं टिपलं होतं. तिने मागचे दिवस काढले. मास्तरांनी घेरी आली म्हणून सांगितलेल्या त्या दोन वेळा काढल्या. दोन्हीकडे माळ. त्यांनी न सांगितलेल्या वेळाही होत्या, कितीतरी, झोपेतल्यासुद्धा. म्हातारा खरं बोलत होता. पहिल्या दिवसापासून खरं बोलत होता.

मग फट गेली कुठे? तिने आकड्यांचा हात धरून एकेक पायरी उतरायला सुरुवात केली. आईच्या हातात काय आलं? फट आली. ताईच्या हातात काय आलं? फट आली. धाकट्याच्या हातात काय आलं? टेकडी, दरी, टेकडी, दरी.

तिला एकदम कळलं, आणि कळल्यावर वाटलं, कळलं नसतं तर बरं झालं असतं.

झालं होतं ते असं. चाचणीच्या सुरुवातीला एका बाईंनी पानावर सपाट रेघ बघितली आणि नवरा गेला असं समजून अख्खी इमारत गोळा केली. नवरा न्हाणीघरात गाणं म्हणत होता, पट्टा खुंटीवर होता. तेव्हापासून साहेबांचा हुकूम होता की जराशी सपाट जागा आली तर पट्टा सैल झाला असं धरायचं, आणि ताईने ती जागा, मधे काही वेडंवाकडं उठलं असेल तर त्यासकट, मागच्या ठोक्यांसारख्याच ठोक्यांनी भरून काढायची. चित्रापुरतंच हो, साहेब म्हणाले होते, खरंखोटं बघायला धाकटा आहेच ना. आणि सगळ्यांना ते पटलं होतं. तिलाही पटलं होतं, कारण रेघ अडखळलेली तिला कधीच आवडायची नाही.

पण आईने दोघांना आकडे वेगवेगळे वाढलेच नव्हते. वाढायचे म्हणजे नक्कल काढायची, आणि इतक्या आकड्यांची घडोघडी नक्कल काढली तर पान रेंगाळतं. म्हणून त्या हसतखिदळत्या दुपारी दोघांनी मिळून आईला सांगितलं होतं, आकडे ठेव एका जागी, आणि दोघांना फक्त जागा दाखव. एकच ताट दोघांपुढे. आधी ताई बसायची. ती ताटातला खडा काढून टाकायची आणि तिथे नीट भात सारखा करून ठेवायची. मग धाकटा येऊन जेवायचा आणि आईला सांगायचा, आजही खडा नव्हता.

ताईचं काही चुकलं नव्हतं, तिला सांगितलेलं तिने केलं. धाकट्याचंही नाही. आईने हातात आलेलं पुढे केलं. तिघं आपापल्या जागी गुणी होती, आणि तिघांनी मिळून एका माणसाचं थांबलेलं हृदय झाकून ठेवलं होतं.

तिने गजरवाल्याला फोन केला. तो ऐकत राहिला.

"आपण नक्कल दिली होती ना?" शेवटी तो म्हणाला.

"नाही रे. जागा दिली होती."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज. "मी ऑफिसात जातोय," तो म्हणाला. "सगळ्यांचेच कच्चे आकडे धाकट्याला पुन्हा वाचायला देतो. तू बाबांकडे बघ."

संध्याकाळपर्यंत त्याने ते केलं. पट्टा बांधलेल्या सगळ्यांचे जुने दिवस धाकट्याने नव्याने वाचले, स्वतःच्या ताटातून. मास्तरांसाठी तर तो बोंबलत सुटलाच, पण आणखी एका बाईंसाठीही वाजला. त्यांनी कधी कसलीच तक्रार केली नव्हती. त्यांनाही त्याच संध्याकाळी बोलावून घेतलं. साहेबांनी दुसऱ्या दिवशी पट्टे परत मागवले, चाचणी थांबवली, आणि मीटिंगमध्ये घराबद्दल एक शब्द काढला नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी कच्च्या आकड्यांवर नजर टाकली आणि पुढचं बोलणं भराभर केलं. हृदयात वरच्या खोल्या आणि खालच्या खोल्या असतात. ठोक्याचा निरोप वर सुरू होतो, मधल्या दुव्यातून खाली पोचतो, मग खालच्या खोल्या आवळतात आणि रक्त अंगभर जातं. मास्तरांचा मधला दुवा कधीकधी निरोप पुढे देतच नव्हता. वर हाक चाललेली, खाली काही ऐकू येत नाही. "वर चालू, खाली बंद," डॉक्टर म्हणाल्या. मास्तरांनी पडल्या पडल्या मुलाकडे बघितलं आणि फक्त भुवया वर केल्या. मुलाने मान खाली घातली. मग तो वडिलांच्या पायांपाशी बसला आणि बराच वेळ त्यांचे पाय चेपत राहिला. त्याला रडू येत होतं आणि मास्तर त्याला, अरे चेपतोयस की मोडतोयस, असं म्हणत होते.

कॉलरच्या हाडाखाली एक छोटं यंत्र बसवलं. वरच्या खोलीचा निरोप ऐकायचा, आणि मधला दुवा गप्प राहिला तर तो स्वतः खाली पोचवायचा, एवढंच त्याचं काम. मास्तर घरी आले. सुनेने त्यांच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं, ताई, ताट, खडा, काही न लपवता. ती खाली बघून बोलत होती.

मास्तर ऐकून घेऊन म्हणाले, "म्हणजे तू जगाला दाखवत होतीस की मी ठणठणीत आहे."

"हो बाबा."

"आणि हात धरून बसली होतीस, तीही तूच."

तिने मान वर केली.

"माझ्या शेजारी बसून लोकांनी किती गाड्या ठोकल्यात," ते म्हणाले, "मी कोणाला गाडीतून उतरवलं नाही. जा, चहा टाक."

पण तिच्या डोक्यातून एक गोष्ट जात नव्हती. ताई आणि धाकटा तिने नव्याने लिहून काढले, आईला नक्कल वाढायला शिकवलं, आणि ते करताना एका प्रश्नापाशी ती पुन्हा पुन्हा येऊन थांबायची. तिच्या प्रोग्रॅममध्ये आईने काही दिलं नाही तर लेकरू नुसतं बसून राहतं. कायमचं. त्याला स्वतःचं असं काहीच नसतं. तिने आजवर बघितलेला प्रत्येक प्रोग्रॅम असाच होता. मग त्या रविवारी, वरून निरोप आलाच नव्हता, यंत्र अजून बसलं नव्हतं, तेव्हा बोटाखाली तो जड, एकटा धक्का दिला कोणी?

यंत्राची पहिली तपासणी ठरली तेव्हा ती मास्तरांबरोबर गेली. खोली लहान होती, एक पलंग, एक स्टूल, खिडकीला पांढरा पडदा. डॉक्टरांनी मास्तरांच्या छातीवर एक चपटी चकती ठेवली आणि शेजारच्या स्क्रीनवर रेघा आल्या. वरच्या खोलीची एक, खालच्या खोलीची एक, आणि यंत्र जिथे बोललं तिथे एक बारीक उभी खूण. वर हाक, खूण, खाली उत्तर. वर हाक, खूण, खाली उत्तर.

तिने न राहवून विचारलं. डॉक्टरांनी ऐकलं आणि हसल्या. "बघायचंय? नाहीतरी यंत्राशिवाय यांचं हृदय काय करतं ते मला आज तपासायचंच आहे. दुवा आता पुरता गेलाय. काका, थोडी घेरी येईल. मी इथेच आहे, बोट बटनावर आहे. चालेल?"

"स्क्रीन जरा इकडे वळवा," मास्तर म्हणाले. "गाडी माझी आहे."

डॉक्टरांनी स्क्रीन वळवली आणि यंत्राला गप्प केलं.

उभी खूण नाहीशी झाली. वरच्या खोलीची रेघ चालत राहिली, बिचारी, हाका मारत. हाक, हाक, हाक. खालची रेघ सपाट. तोच माळ. आज तो झाकायला कोणी नव्हतं. मास्तर स्क्रीनकडे बघत होते, आपलं स्वतःचं थांबलेलं हृदय बघत होते, आणि त्यांचा चेहरा उतरत चालला होता. तिला ओरडावंसं वाटलं, की लावा ते यंत्र, पुरे झालं.

आणि खालच्या रेघेवर काहीतरी उठलं.

नेहमीचा ठोका नव्हता तो. रुंद, बेढब, एका अंगाला झुकलेला, कोणा लहान मुलाने खडूने काढल्यासारखा. वरच्या हाकेशी त्याचा काही संबंध नव्हता. तो आपला आपण आला होता, खालून, आणि आला तसा मास्तरांच्या ओठांत रंग भरून गेला.

"हे कोण?" मास्तरांनी हलक्या आवाजात विचारलं.

"खालची खोली," डॉक्टर म्हणाल्या. "निरोपाची वाट बघितली, आला नाही, म्हणून तिने तिच्यापुरतं सुरू केलं. इतके दिवस तुम्हाला हिनेच तगवलं. सगळ्यांचंच तसं असतं, पण बहुतेकांच्या खालच्या खोलीवर ही वेळच येत नाही."

"तिला सांगितलं कोणी?" सुनेने विचारलं. "सुरू कर म्हणून?"

"कोणीच नाही."

तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. असलं काही तिने आजवर बघितलं नव्हतं. कोणाच्याही हातून काही न मिळता, कोणी न पढवता, अंधारात एक एवढीशी खोली बसून राहते, आणि सगळं घर गप्प झालं की उठून काम सुरू करते. रोज असे ठोके मास्तरांच्या छातीत उमटले होते, एकेक करून त्यांनी त्या माणसाला परत आणलं होतं, आणि तिच्या ताईने एकेक करून ते पुसले होते, कारण ते दिसायला चांगले नव्हते. तिला लाज वाटली, आणि त्या लाजेपेक्षा कितीतरी मोठं असं काहीतरी वाटलं, त्याला तिच्याकडे नाव नव्हतं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते तिने पुसलंही नाही.

डॉक्टरांचं बोट बटनावर आलं. "आता लावते हं."

"थांबा," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज पातळ झाला होता, पण डोळे स्क्रीनवरून हलत नव्हते. "अजून एक बघू द्या."

डॉक्टरांनी त्यांच्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि बोट तसंच ठेवलं. वरची रेघ हाका मारत होती. खाली माळ पसरत चालला होता. तिघांपैकी कोणी श्वास घेत नव्हतं.

आणि तो आला.